मिरवणुकीच्या दिवशीचं पाणी

नदी त्या वर्षी बुनलूच्या घरात वस्तीलाच आली होती. काशाच्या वाट्या घासायची त्याची जागा, भट्टी, ऐरण, सगळं घोटाभर पाण्यात. घर खांबांवरचं, खाली पाणी आणि वर माणसं. माणसं म्हणजे तरी कोण, तो आणि त्याची बायको लमोम. अंगावरून वारं गेल्यापासून लमोमचे पाय तिचे राहिले नव्हते. जीभ मात्र जागच्या जागी होती आणि पायांचंही काम तीच करायची. पडल्या जागेवरून ती सगळ्या गल्लीत फिरून यायची.

नव्या राजाच्या मस्तकावर अभिषेकाचं पाणी पडलं ते उन्हाळ्यात. तेव्हा नदी आटलेली होती. म्हणून सोहळ्याचा शेवट पावसावर टाकला होता. भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास संपेल, नदी दोन्ही काठ भरून वाहील, मग राजा सोन्याच्या नावेत बसेल आणि पुढेमागे नावांचा ताफा घेऊन विहारात वंदनाला जाईल. ती मिरवणूक झाली की अभिषेक पुरा झाला. आज तो दिवस होता.

सकाळपासून लमोमनं घर डोक्यावर घेतलं होतं. केस विंचरून द्या, ती जांभळी वस्त्रं काढा, ती नव्हेत, ती प्रुंगच्या जावळाला नेसले होते ती. बुनलूनं सगळं केलं. शेवटी खलात विडा कुटून तिच्या तळहातावर ठेवला, कारण दात गेल्यापासून तिचा विडा तोच कुटायचा. ती म्हणाली, चुना जास्त झालाय, आज तुमचा हात का कापतोय, नावेत लेक बसणार आहे का तुम्ही.

बुनलू हसला. हसावं लागलं.

प्रुंग त्यांचा एकुलता एक मुलगा. तो नावेत नव्हता. वर्षावासाच्या अखेरीला तो वारला, त्याला महिना उलटून गेला होता.

हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या लमोमला.

*

बुनलू स्वतः तरुणपणी राजाच्या नावांवर होता. वल्हं नव्हतं त्याच्या हाती. रुपेरी गोंडे लावलेला दंड होता. मधोमध उभं राहायचं, गाणारा ओळ सोडेल तशी दंडाची टाच फळीवर आपटायची आणि त्या ठोक्यावर सगळी वल्ही एकदम पाण्यात. गाण्याची त्याला लहानपणापासून ओढ होती, आणि गाण्यातही गायलेल्या प्रवचनांची. वर्षावास संपला की विहाराविहारांतून ते तेरा भागांचं मोठं प्रवचन गायलं जातं, ज्यात बोधिसत्त्व राजपुत्र होऊन येतो आणि जवळचं सगळं देऊन टाकतो, हत्ती देतो, राज्य देतो, शेवटी स्वतःची मुलंसुद्धा. कुठल्या विहारात कोणते भंते कुठला भाग गाणार, हे बुनलूला आणि लमोमला आधी कळायचं. होडी घेऊन दोघं जायची. ताटल्या, उदबत्त्या, वाफवलेला चिकट भात केळीच्या पानात बांधलेला. त्यांचं लग्नसुद्धा असंच जमलं होतं. ती आईच्या मागे बसून ऐकत होती आणि तो तिच्या मागे बसून.

तेरा भागांत तिचा जीव एकाच भागावर. गल्लीत त्याला आईचा भाग म्हणायचे. राजपुत्रानं मुलं देऊन टाकलेली असतात. आई रानात कंदमुळं आणायला गेलेली असते. वाटेत वाघ-सिंह आडवे पडतात, तिला उशीर होतो. ती परत येते तर अंगण रिकामं. नवऱ्याला विचारते, मुलं कुठे; तो बोलत नाही. रात्रभर ती हाका मारत रान फिरते आणि तो बोलत नाही. पहाटे ती कोसळते, तेव्हा कुठे सांगतो. भंते हा भाग असा गायचे की विहारातल्या बायकांचे पदर पिळून काढावे लागत. आणि बुनलू नेमका तिथे पेंगायचा. त्यावरून लमोमनं त्याला जन्मभर टोचलं. सगळं जग रडतं तेव्हा माझा नवरा घोरतो, असं ती होडीत बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकवायची.

प्रुंगची नावेवर निवड झाली तेव्हा तिनं भिक्षूंना पंक्ती वाढल्या होत्या. पुढे कळलं की महिनोन् महिने त्यांना पाण्यात उतरूच देत नाहीत. कोरड्या जमिनीवर बांबूच्या मांडवात ओळीनं बसवून हवेत वल्ही मारायला लावतात. तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रुंग सुट्टीवर आला की विचारायची, काय रे, आज जमिनीवरून कुठवर पोचलास? तो म्हणायचा, आई, आज तुझ्या माहेरच्या घाटापर्यंत. आणि पाटावर बसून, वल्हं म्हणून झाडू हातात धरून, नावेतलं गाणं म्हणायचा. गाण्याच्या उत्तराची ओळ सगळे वल्हवणारे एकदम म्हणतात. प्रुंग एकटा म्हणायचा आणि आई पडल्या पडल्या त्याला साथ द्यायची.

शेवटच्या सुट्टीत तो नदीच्या वरच्या अंगाला मामाच्या गावी गेला आणि तिथेच तापानं पडला. मामाचा निरोप आला तो बुनलूला, घाटावर. वर जाऊन त्यानं लमोमला काय सांगावं? तो म्हणाला, तुझ्या माहेरच्या विहारात प्रवचन आहे, जाऊन येतो.

ते पहिलं खोटं. बुनलू दर उपोसथाला, व्रताच्या दिवशी, पांढरं वस्त्र खांद्यावर टाकून पंचशील घेणारा माणूस. साठीला टेकला, पण मुद्दाम खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. होडी वल्हवताना त्याला वाटलं, पोरगा बरा होईल, त्याला घेऊन येईन, मग हे खोटं आपोआप विरघळेल.

पोरगा त्याच्या मांडीवर गेला.

मग विहारात रात्री-रात्री भिक्षूंचं पठण झालं, दहन झालं. बुनलू सकाळी घरी यायचा, संध्याकाळी परत जायचा. आणि लमोम विचारायची, आज कुठला भाग झाला? आवाज कसा होता भंतेंचा? तिला उत्तर द्यावं लागायचं. वैद्यानं बजावलं होतं, पहिल्या वाऱ्यातून वाचली, दुसरा धक्का सोसायची नाही. पठणातल्या उदबत्त्यांचा वास अंगाला असताना बुनलू तिच्या उशाशी बसून सांगायचा, आज राजपुत्रानं हत्ती दिला. आज रथ दिला. दहनाच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, आज तर आईचा भाग असेल. तो हो म्हणाला. आणि सांगायला लागला, आई रानातून येते, अंगणात बघते, आणि तिथेच तो थांबला. तो उठून खाली गेला, पाण्यात उभा राहिला.

लमोम वरून म्हणाली होती, "म्हातारपणी तरी जाग आली म्हणायची."

*

गल्लीनं त्याची गोष्ट सांभाळली. शेजारची सायबुआ तेवढी कुरकुरली. ती विधवा बाई, रोज सकाळी लमोमच्या वतीनं भिक्षूंच्या पात्रात भात घालायची. मग वर येऊन लमोमच्या पुढ्यात बुनलूनंच घडवलेली काशाची वाटी आणि छोटा तांब्या ठेवायची. दान झालं की पाणी सोडायचं असतं. पाण्याच्या धारेबरोबर गेलेल्यांची नावं घ्यायची, म्हणजे दानाचं पुण्य त्यांच्यापर्यंत पोचतं. लमोम रोज नावं घ्यायची. आईचं, बापाचं, सासूसासऱ्यांचं, लहानपणी बुडालेल्या बहिणीचं. सायबुआ तिथे बसून ऐकायची आणि बुनलू जिन्यात उभा राहून. एक नाव रोज राहून जायचं.

सायबुआनं एकदा त्याला घाटावर गाठलं. ती म्हणाली, "दादा, नव्यानं गेलेला माणूस घराच्या दाराशी येऊन उभा राहतो म्हणतात. सगळ्यांची नावं घेतली जातात. आपलं येत नाही, तो रिकाम्या हातानं परत जातो. रोज जात असेल पोर."

बुनलू म्हणाला, मी सोडतो त्याच्या नावानं पाणी, विहारात जाऊन.

"तुम्ही सोडता. पण हाक आईची लागते."

तो भंतेंकडे गेला आणि पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. भंते रागावले नाहीत. शील मोडलं, असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, आईनं पाणी सोडलं का? बुनलूनं नाही म्हणून मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून त्यानं मनाशी ठरवलं होतं, मिरवणूक होऊ दे, मग सांगतो. मिरवणुकीसाठीच ती जीव धरून आहे. एवढं सुख तिच्या पदरात पडू दे. शिवाय त्यानंतर लपवणं शक्यही नव्हतं. मिरवणूक झाली की वल्हवणाऱ्यांना सुट्टी मिळणार. गल्लीत दुसऱ्या घरची मुलं येणार.

*

दुपारी अंमलदारांची होडी काठाकाठानं दवंडी देत गेली. राजाची नाव जाताना कुणी राजापेक्षा उंच जागी असायचं नाही. पूल मोकळे करा. वरच्या मजल्यांच्या खिडक्या लावून घ्या. दर्शन घ्यायचं त्यांनी खाली घाटावर, काठावर बसावं.

गल्लीतल्या चार गड्यांनी येऊन बुनलूला म्हटलं, लमोमकाकूंना खाटेसकट खाली आणतो, घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवतो, पुण्याचं काम आहे. भल्या मनानं म्हणत होते. घाईत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. घाटासमोर नदी वळण घेते. नावा इथे याच काठाला लागून जातात, इतक्या जवळून की वल्हवणाऱ्यांच्या मिशा दिसाव्यात. सायबुआनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

बुनलू वर गेला. म्हणाला, पायऱ्यांवर पाणी आहे, गारठा लागेल तुला.

"नदीत नावांचा सराव झाला तेव्हा म्हणालात, सरावाचं काय बघायचं. आज म्हणता, गारठा." लमोमनं विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "वर असले तर बघायचं नाही. खाली जायचं तर गारठा. बरं, कान आहेत ना. कानांना खिडकी नसते."

त्यानं खिडकीची दारं ओढली, कडी घातली. आणि कडी घालताना त्याला हायसं वाटलं. राजाच्या मानाची रीत, वाडवडिलांपासून पाळलेली. आज तिच्या आडोशानं तो आपलं खोटं झाकत होता. हायसं वाटलं याचीच त्याला इतकी लाज वाटली की तो तिच्याकडे पाठ करून खिडकीशीच उभा राहिला.

खोलीत अंधारलं. फटींमधून आलेलं ऊन पाण्यावरून उलटून छतावर हलायला लागलं. खाली घाटावर माणसांची कुजबुज होती, मग तीही विझली. लांबून ढोल आला. मग शंख. आणि मग, वळणापलीकडून, एकट्या माणसाचा गाणारा आवाज, आणि त्याला शेकडो गळ्यांनी दिलेलं उत्तर.

बुनलूची टाच नकळत फळीवर पडायला लागली. इतकी वर्षं झाली होती, पण ठोका अंगातून गेला नव्हता.

लमोमनं डोळे मिटून हात जोडले. पुढच्या नावा जात होत्या. वल्ही एकदम उचलली जात, पाणी एकदम निथळे, आणि पुन्हा एकदम आत. प्रत्येक नाव गेली की घराचे खांब जरासे हलायचे. ती नावा ओळखत होती. ही माकडाच्या तोंडाची. ही गरुडाची. प्रुंगनं सांगितलं होतं, गरुडाच्या मागची आमची, मी या काठाच्या बाजूला, नावेच्या तोंडापासून जवळच.

"आली," ती म्हणाली. "अहो, आली त्याची. तुम्ही जाणते आहात नावेतले. त्याचं वल्हं ऐकू येतंय का तुम्हाला?"

हो म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. एवढ्यासाठी महिनाभर सगळं केलं होतं. बाहेर उत्तराची ओळ उठली, जी प्रुंग पाटावर बसून एकटा म्हणायचा, आणि आता तीत सगळे होते, तो सोडून. लमोमनं साथीला ओठ हलवले. तिच्या तोंडावर असं काही आलं होतं, जसं विहारात आईचा भाग सुरू होण्याआधी यायचं. बुनलूला एकाएकी दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. हात पुढे केलेलं.

तो तिच्या खाटेशी खाली बसला.

"लमोम, तो नावेत नाही."

तिनं डोळे उघडले. "मग कुठे आहे?"

तो बोलला नाही.

"कुठे आहे हो?"

"गेला. मामाच्या गावी. ताप आला होता."

खाली नाव पुढे सरकली, खांब हलले. लमोम छताकडे बघत होती, जिथे उन्हाची जाळी हलत होती. ती बोलली ती अगदी हलक्या आवाजात, कारण राजाची नाव जवळ येत होती.

"तुम्ही प्रवचनाला जात होता, तेव्हा?"

"हो."

"आईचा भाग सांगताना उठून गेलात."

"आदल्या दिवशी दहन झालं होतं."

तिनं मान त्याच्याकडे वळवली. "त्या गोष्टीतल्यानं एक रात्र लपवलं. पहाटे सांगितलं त्यानं." तिला दम लागला. "तुमची पहाट केव्हा व्हायची होती?"

बुनलूनं वैद्याचं नाव काढलं. तो म्हणाला, तुला सोसलं नसतं. मग तिनं दुसरंच विचारलं.

"त्याच्या नावानं पाणी कुणी सोडलं?"

"मी सोडलं. विहारात."

"आणि मी?" ती म्हणाली. "मी रोज सकाळी माझ्या आईला वाढलं. बापाला वाढलं. बहिणीला वाढलं, जिचं तोंड मला आठवत नाही. आणि तो दारात उभा होता. सगळ्यांना वाढलं मी, अहो, आणि माझं पोर उपाशी गेलं."

आता तिला हुंदका आला. पण खिडकीखालून सोन्याची नाव जात होती. काठावर माणसं जमिनीला कपाळ टेकून होती, आणि अशा वेळी अमंगळ सूर निघू नये ही रीत तिच्या हाडीमांसी होती. तिनं वस्त्राचा शेव तोंडात कोंबला. तिचं अंग कमरेपासून वर गदागदा हलत होतं, आणि खोलीत आवाज होता तो फक्त बाहेरच्या गाण्याचा, राजाच्या गुणांच्या, भरल्या नदीच्या, भाताच्या लोंब्यांच्या ओळींचा. बुनलूनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला नेला. तिनं खांदा काढून घेतला.

सोन्याची नाव गेली. मागच्या नावा यायला लागल्या.

लमोमनं तोंडातून वस्त्र काढलं. म्हणाली, "वाटी आणा."

त्यानं काशाची वाटी आणली, तांब्या भरून आणला. तिला पाठीशी उशा देऊन बसवलं, तेवढं तिनं करू दिलं. पाणी सोडून झालं की ते झाडाच्या मुळाशी ओतायचं असतं. पण झाडं सगळी पाण्याखाली होती. तिनं खाटेशेजारच्या जमिनीकडे बोट दाखवलं, जिथे दोन फळ्यांमध्ये फट होती आणि फटीखाली नदी. तिथे ओता, म्हणाली, नदीच नेईल.

तिनं तांब्या कलता केला. बारीक धार वाटीत पडू लागली, आणि कासं वाजलं, जसं त्याच्या हातचं कासं वाजायचं, लांबवर. तिनं पाली भाषेतले शब्द म्हटले. मग नाव घेतलं. आईचं नाही, बापाचं नाही.

"प्रुंग," ती म्हणाली. "प्रुंग, बाळा, उशीर झाला आईला. वाटेत वाघ आडवा पडला होता. ये. घे."

ज्याच्याकडे आपली वाटी नाही त्यानं पाणी सोडणाऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो, म्हणजे धार त्याचीही होते. विहारात बायका एकमेकींच्या कोपरांना शिवून बसतात, पोरं आयांच्या पदरांना. बुनलू फळ्यांवर गुडघे टेकून बसला होता. हात पुढे नेत होता, मागे घेत होता. मघाशी खांदा काढून घेतला होता तिनं.

धार संपत आली. लमोमनं त्याच्याकडे बघितलं नाही. कोपर मात्र जरासं त्याच्या बाजूला केलं.

त्यानं दोन बोटं टेकवली. बाहेर शेवटच्या नावा वळणापलीकडे गेल्या होत्या. उत्तराची ओळ अजून ऐकू येत होती, बारीक, नावा विहाराच्या घाटाला लागताना म्हणतात ती शेवटची चाल. घाटावरच्या माणसांनी डोकी वर केली असतील. सायबुआच्या घराची खिडकी उघडल्याचं वाजलं. अभिषेक पुरा झाला होता.

वाटी भरली तशी बुनलूनं ती फटीतून रिती केली. खाली पाण्यात पाणी पडलं.

तो तांब्या बाजूला ठेवायला लागला, तेव्हा लमोमनं त्याच्या मनगटाला धरलं.

"भरून आणा अजून," ती म्हणाली. "पुष्कळ दिवसांचं राहिलंय त्याचं."

तो तांब्या घेऊन जिना उतरला.